भोसरीत सहा रूमची बिल्डिंग भाड्यासाठी घ्यायची आहे: कर्ज, दुरुस्ती आणि हप्त्याचं गणित

नवा_मालक

पिंपरी-चिंचवडमधल्या भोसरीजवळ एका गुंठ्यावरची जुनी बिल्डिंग बघितली आहे. तळमजला आणि वर दोन मजले, प्रत्येक मजल्यावर दोन वन आरके, प्रत्येक रूम साधारण ३२० चौरस फूट. विकणारा ९० लाख सांगतोय. सहाही रूम भरलेल्या आहेत, बहुतेक एमआयडीसीतले कामगार. आता सरासरी भाडं ७,०००, दुरुस्ती केली तर ८,५०० मिळेल असं एजंटचं म्हणणं. मंजूर नकाशा तळ अधिक एक मजल्याचा आहे, दुसरा मजला नंतर चढवला. पण शास्तीकर माफ झालाय आणि घरपट्टी सहाही रूमची भरलेली आहे, त्यामुळे अडचण नाही असं विकणारा म्हणतो. सध्या डोक्यावर दुसरं कर्ज नाही.

बँक किती देईल? दुरुस्ती कुठून सुरू करायची? आणि भाड्यातून हप्ता सुटेल का?

---

सहीशिक्का

शास्तीकराच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण सगळं तिथेच अडलंय. शास्तीकर माफ होणं म्हणजे बांधकाम अधिकृत होणं नव्हे. तो बेकायदा बांधकामावरचा दंडाचा कर होता, तो गेला. मजला होता तसाच बेकायदा आहे. घरपट्टीचंही तेच. महापालिका जे उभं आहे त्यावर कर लावते, पावती म्हणजे परवानगी नाही आणि मालकीचा पुरावाही नाही.

बँक दोन माणसं पाठवते. वकील कागद बघतो आणि मूल्यांकन करणारा इंजिनिअर मंजूर नकाशा हातात घेऊन इमारत मोजतो. नकाशात नसलेला मजला त्याच्या अहवालात शून्य रुपयांचा. ९० लाखांच्या व्यवहारात त्याने ६२ लाख लिहिले तर आश्चर्य वाटून घेऊ नका. करारातली किंमत आणि मूल्यांकन यांतली जी कमी, तिच्यावर कर्ज मिळतं.

रिझर्व्ह बँकेची मर्यादा अशी: ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ९०%, ३० ते ७५ लाखांना ८०%, त्यापुढे ७५%. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी या किमतीत धरत नाहीत. म्हणजे ६२ लाखांवर जास्तीत जास्त ४९.६० लाख, तेही बँकेने गृहकर्ज म्हणून घेतलं तर. सहा स्वयंपाकघरं आणि सहा भाडेकरू दिसले की काही बँका गृहकर्जाऐवजी मालमत्ता तारण कर्जाकडे वळवतात. तिथे व्याज जास्त, टक्का कमी, मुदतही बहुधा कमी. अर्ज करायच्या आधी शाखेत सरळ विचारा: 'एकाच मालकाची सहा घरांची इमारत गृहकर्जात बसते का?' याचं उत्तर बँकेगणिक बदलतं. शिवाय एका व्यक्तीच्या तिसऱ्या घरापासूनचं कर्ज रिझर्व्ह बँकेच्या नियमांत कमर्शियल रिअल इस्टेट (व्यापारी मालमत्तेचं कर्ज) धरलं जातं, तो मुद्दाही त्याच वेळी विचारून घ्या.

आता कागद. ही यादी घेऊन वकिलाकडे जा, एजंटकडे नको:

सातबारा किंवा मिळकत पत्रिका, आणि त्यावर विकणाऱ्याचं नाव स्वतंत्र आहे की सामाईक. गुंठा-दोन गुंठ्यांच्या प्लॉटिंगमध्ये एका सातबाऱ्यावर वीस-वीस नावं असतात, अशा अविभाजित हिश्श्यावर बँक सहसा तारण घेत नाही. मागचे सगळे फेरफार. अकृषिक आदेश किंवा गुंठेवारी (जमिनीचे छोटे तुकडे पाडून केलेली विक्री) नियमितीकरणाचा दाखला. मंजूर नकाशा, बांधकाम परवाना, भोगवटा प्रमाणपत्र. मागच्या ३० वर्षांचा शोध अहवाल. आणि विकणाऱ्याचं स्वतःचं खरेदीखत नोंदणीकृत आहे ना? भोसरी, चिखली, तळवडे पट्ट्यात नोटरी केलेल्या कागदावर झालेले व्यवहार कितीतरी आहेत. नोटरीने मालकी येत नाही.

जागा प्राधिकरणाची (पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण) असेल तर ती ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याची असते, हस्तांतराला परवानगी आणि शुल्क लागतं. प्राधिकरण २०२१ मध्ये विसर्जित झालं, त्याचे भाग महापालिका आणि पीएमआरडीएत (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात) गेले, त्यामुळे तुमच्या प्लॉटची फाइल नक्की कोणाकडे आहे हे आधी शोधा.

शेवटचे दोन नकाशे. एक लष्कराच्या रेड झोनचा. दिघी मॅगझिन आणि देहूरोड दारूगोळा कोठाराभोवतीच्या पट्ट्यात कर्ज विसरा. दुसरा पूररेषेचा. मे २०२५ मध्ये चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले ३६ बंगले महापालिकेने पाडले. त्यातल्या लोकांकडेही घरपट्टीच्या पावत्या होत्या.

---

गच्चीवरचा_कावळा

थोडक्यात, विकणारा सहा रूमचे पैसे मागतोय, बँक चारचे देतेय आणि महापालिका आली तर चारच उरतील. मग किंमत चारचीच ठरवा. वरच्या दोन रूमचं भाडं येईल तोवर येईल.

---

आकडेमोड

कावळेबुवांचं बरोबर आहे. तरी सहाही रूम धरून आकडे मांडतो, म्हणजे चांगल्यात चांगलं चित्र कसं आहे ते कळेल. व्याज ९% आणि मुदत २० वर्षे धरली आहे. या दराला लाखामागे हप्ता ९०० रुपये. (१५ वर्षे घेतलीत तर १,०१४.)

आधी खिशातून जाणारे पैसे:

किंमत ९० लाख वजा कर्ज ४९.६० लाख, उरले ४०.४० लाख. मुद्रांक शुल्क महापालिका हद्दीत ७% म्हणजे ६.३० लाख. वार्षिक मूल्य दर तक्त्याप्रमाणे (रेडी रेकनर) किंमत ९० लाखांहून जास्त निघाली तर त्या जास्त आकड्यावर भरावं लागेल. नोंदणी फी ३०,०००, ही कमाल मर्यादा आहे. दुरुस्ती १२ लाख धरू. बेरीज ५९ लाख. वकील, बँकेची प्रक्रिया फी, एजंटची दलाली वेगळी.

बरेच नवखे '२०% भरायचे, बाकी बँक' या हिशेबाने १८ लाख घेऊन निघतात. इथे तिप्पट लागतात.

आता वर्षाचं: ८,५०० गुणिले ६ म्हणजे महिना ५१,०००. वर्षात प्रत्येक रूम एक महिना रिकामी राहते असं धरा, म्हणून ११ महिन्यांचे ५.६१ लाख. घरपट्टी २४,०००, जिना आणि पंपाची वीज १८,०००, टाक्या धुणं, ड्रेनेज, किरकोळ १२,०००, दुरुस्ती निधी ५०,०००. खर्च १.०४ लाख. हातात ४.५७ लाख. हप्ता वर्षाला ५.३६ लाख. तूट ७९,०००, म्हणजे महिन्याला साडेसहा हजार पगारातून घालायचे.

एकूण गुंतवणूक (किंमत, शुल्क, दुरुस्ती मिळून) १०८.६० लाख आणि त्यावर निव्वळ भाडं ४.५७ लाख: ४.२%. कर्ज ९% चं. म्हणजे कर्जाचा प्रत्येक रुपया तोट्यात चालतो. परदेशी व्हिडिओंत 'भाडेकरू तुमचा हप्ता भरतो' म्हणतात ते इथे बसत नाही, कारण तिथे भाडं आणि व्याज यांच्यातली दरी एवढी नसते. इथे ती दरी खरेदीच्या किमतीतूनच भरून काढावी लागते. हीच इमारत ६५ लाखांत मिळाली तर? दुरुस्ती तीच, कर्ज तेवढंच, पण खिशातले साधारण २७ लाख वाचतात आणि परतावा ५.६% च्या आसपास जातो. तेव्हाही तो व्याजाहून कमीच, पण बोलण्यासारखा.

कर: भाड्याच्या उत्पन्नातून भरलेली घरपट्टी वजा, उरलेल्याच्या ३०% सरसकट वजावट, मग कर्जाचं व्याज. भाड्याने दिलेल्या घरावरच्या व्याजाला त्या भाड्यापुरती मर्यादा नाही. पहिल्या वर्षी व्याज साधारण ४.४३ लाख, म्हणून कागदावर ६७,००० तोटा दिसेल. हा तोटा जुन्या कररचनेत पगारातून वजा होतो (वर्षाला २ लाखांपर्यंत), नव्या रचनेत होत नाही. आणि नीट ऐका: दुरुस्तीचे १२ लाख खर्च म्हणून वेगळे वजा करता येत नाहीत. ती ३०% वजावट त्यासाठीच आहे, तुम्ही शून्य खर्च केलात तरी तेवढीच मिळते. दुरुस्तीसाठी कर्ज काढलंत तर त्याचं व्याज मात्र वजा होतं. भांडवली सुधारणांची बिलं सांभाळा, विकताना ती खरेदी किमतीत मिळवता येतात.

किंमत ५० लाख किंवा जास्त असली की १% टीडीएस तुम्ही कापून भरायचा, ९० लाखांवर ९०,०००. विकणारा अनिवासी असेल तर दर पूर्ण वेगळा आणि बराच जास्त, तेव्हा सही करण्याआधी सीएला दाखवा.

---

एडिसनकर

परदेशी व्हिडिओंच्या तुलनेबद्दल अमेरिकेतून एक भर. इथे एफएचए (सरकारी हमीच्या) कर्जात चार घरांपर्यंतची इमारत ३.५% भरून घेता येते, अट एवढीच की त्यातल्या एका घरात स्वतः राहायचं. तीन-चार घरांच्या इमारतीला आणखी एक चाळणी असते: धरलेल्या भाड्याच्या ७५% रकमेतून पूर्ण हप्ता निघाला पाहिजे. व्याजदर ३० वर्षे स्थिर. या तीनही गोष्टी भारतात नाहीत, म्हणून ती पद्धत उचलून भोसरीत लावू नये. अनिवासी मंडळींनी लक्षात ठेवावं: फेमाखाली (परकीय चलन कायद्याखाली) राहती मालमत्ता घेता येते, शेतजमीन नाही. त्यामुळे अकृषिक आदेश नसलेला गुंठा आपल्यासाठी दुप्पट धोक्याचा.

---

ओळंबा

दुरुस्तीकडे वळतो. आधी एक गोष्ट, जी कागदांशी जोडलेली आहे. नकाशा तळ अधिक एकचा म्हणजे पाया आणि कॉलमही बहुधा तेवढ्याचेच. त्या काळचा नेहमीचा कॉलम ९ इंच बाय ९ इंच, आत १२ मिलिमीटरच्या चार सळ्या. त्यावर आज एक मजला जास्त बसलाय. म्हणून टाइल्स निवडायच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर आणा. त्याला तीन गोष्टी करायला सांगा: रिबाउंड हॅमरने काँक्रीटची चाचणी, कव्हर मीटरने सळ्यांची जागा आणि जाडी, आणि एका कोपऱ्याच्या कॉलमपाशी खड्डा घेऊन पायाचं माप. खड्ड्याला ठेकेदार नाक मुरडतो. तरी घ्याच, कारण पायाचं सत्य दुसरीकडे कुठे लिहिलेलं नसतं.

तुम्ही स्वतः बघायचं ते असं. साधी हातोडी घेऊन स्लॅबच्या खालच्या बाजूला, विशेषतः संडास-बाथरूमखाली आणि सज्जांखाली ठोका. भरीव आवाज ठीक. पोकळ आवाज म्हणजे गिलावा सुटलाय किंवा सळी गंजून फुगली आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून काँक्रीट आतून फुटतं. सळीच्या रेषेत सरळ जाणारी भेग दिसली की समजा. अशा ठिकाणी सिमेंटचा हात मारून रंग देणं म्हणजे गळू झाकणं. पद्धत अशी: टेकू लावा, सैल काँक्रीट सळीच्या मागेपर्यंत फोडा, तारेच्या ब्रशने गंज काढा, गंजरोधक लेप, जोडणीचा लेप, मग पॉलिमर मॉर्टर १० ते १२ मिलिमीटरच्या थरांत. एकदम जाड थर मारला की तो स्वतःच्या वजनाने सुटतो. सळीचा चौथाईहून जास्त भाग गंजून गेला असेल तर शेजारी नवी सळी बांधायची.

गच्ची. जुन्या कोब्यावर (गच्चीवरचा विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर) नवा कोबा ही आपल्याकडची लाडकी चूक. सरासरी १०० मिलिमीटर ब्रिकबॅट कोब्याचं वजन चौरस मीटरला १९० किलोच्या आसपास. तुमची गच्ची ७० चौरस मीटर धरली तर १३ टन. ते कोणाच्या डोक्यावर? त्याच ९ इंची कॉलमच्या. जुना कोबा भरीव असेल तर भेगा व्ही आकारात कापून भरा, कठड्याच्या कडेने वाटा (कोपऱ्यातला गोलाकार उतार) नीट करा आणि फायबर जाळीसह लवचिक वॉटरप्रूफिंगचे दोन हात द्या. कोबा पोकळ वाजत असेल तर काढूनच टाका आणि नवा घाला. उतार शंभरात एक, पाणी जायला किमान दोन तोंडं, प्रत्येक १०० मिलिमीटरचं. एकच तोंड ठेवलं की पानं अडकली त्या दिवशी गच्चीचं तळं होतं. शेवटी ४८ तास पाणी साठवून खालून बघायचं. हे काम फेब्रुवारी ते मे यातच, कारण पावसात केलेल्या वॉटरप्रूफिंगखाली ओल कोंडते आणि पापुद्रे सुटतात.

संडास-बाथरूम. पैसे इथे घाला, हॉलमध्ये नको. जुन्या बांधकामात खचवलेल्या (बाथरूमपुरत्या मुद्दाम खाली घेतलेल्या) स्लॅबमध्ये विटांचे तुकडे भरलेले असतात. ती भर एकदा भिजली की वर्षानुवर्षं भिजलेली राहते, आणि खालच्या भाडेकरूच्या छताला ओल येते. टाइल्सवर नवी टाइल चिकटवून ती जात नाही. क्रम:

टाइल्स आणि आतली भर पूर्ण काढा. उघड्या स्लॅबवर भेगा भरून पॉलिमर सिमेंटचे दोन हात, भिंतीवर फूटभर वर, शॉवरच्या बाजूला सहा फूट. ४८ तास पाणी. खालून कोरडं दिसलं तरच पुढे. पाइप टाका. खचवलेल्या भागाच्या तळातून २० ते २५ मिलिमीटरचा एक छोटा स्पाउट बाहेरच्या भिंतीतून काढा, म्हणजे उद्या आत पाणी शिरलंच तर ते दिसेल आणि निघून जाईल. स्पाउटमधून थेंब पडू लागला की दुरुस्तीची वेळ झाली, छत खराब होण्याची वाट बघावी लागत नाही. मग भर, वर पुन्हा वॉटरप्रूफिंग, मग टाइल. फरशीला फुटामागे चार मिलिमीटर उतार नहाणी ट्रॅपकडे, दाराशी ग्रॅनाइटचा उंबरा.

चार बाय सात फुटांच्या बाथरूमला सात फूट उंचीपर्यंत भिंतीची टाइल साधारण १३७ चौरस फूट (दार वजा करून), फरशी २८, तुटफूट १०% धरून १८० च्या आसपास. सहा बाथरूमला एकच रंग, एकच बॅच घ्या आणि दोन पेट्या जास्तीच्या माळ्यावर ठेवा. तीन वर्षांनी ती टाइल बाजारात मिळत नाही.

उभ्या लाइनबद्दल. मैल्याचा पाइप ११० मिलिमीटर, सांडपाण्याचा ७५. मैल्याचा उभा पाइप गच्चीच्या वर न्यायचा, टोकाला जाळीची टोपी. पुष्कळ ठिकाणी तो वरच्या संडासापाशीच संपवतात. मग वर फ्लश झाला की खालच्या ट्रॅपमधलं पाणी ओढलं जातं, वासाला अडवणारा पाण्याचा पडदाच जातो. भाडेकरू 'वास येतो, झुरळं येतात' म्हणून तक्रार करतो आणि मालक फिनाइल आणून देतो.

---

नवा_मालक

ओळंबाजी, एकेक रूम रिकामी झाली की करत गेलं तर चालेल का? भाडं बंद पडायला नको.

---

ओळंबा

मजल्याप्रमाणे नको, उभ्या रांगेप्रमाणे करा. एकावर एक असलेल्या तीन रूमचे संडास एकाच उभ्या पाइपवर आहेत. तो बदलायचा तर तिघांचेही संडास बंद. म्हणून आधी डावी रांग रिकामी करा, सहा-सात आठवड्यांत उरका, मग उजवी. तीन रूम दीड महिना रिकाम्या, असं दोनदा: ८,५०० च्या दराने ७६,५०० भाडं बुडतं. ते दुरुस्तीच्या खर्चात आधीच लिहून ठेवा. हप्ता तर पहिल्या महिन्यापासून सुरूच असतो.

१२ लाख साधारण असे वाटता येतील: सहा बाथरूम ४.२० लाख, सहा रूमची वायरिंग २.४० लाख, मीटर पॅनल आणि अर्थिंग ६०,०००, गच्ची १.२० लाख, बाहेरच्या भेगा आणि रंग १.५० लाख, ओटे ९०,०००, हाताशी राखीव १.२० लाख. तीन कोटेशन घेऊन आकडे बदला. कॉलमला जॅकेटिंग (भोवती नवं काँक्रीट घालून मजबूत करणं) निघालं तर हे सगळं बाजूला, आधी ते. ओट्याला सहा फूट काळा ग्रॅनाइट, खाली कडप्प्याचे कप्पे. लाकडी कपाटं भाड्याच्या रूममध्ये दोन पावसाळे टिकत नाहीत.

ठेकेदाराला १०% उचल, पुढे प्रत्येक टप्पा मोजून पैसे, आणि ५ ते १०% पहिला मोठा पाऊस जाईपर्यंत हातात. 'लमसम' कधीच देऊ नका. नळ, पाइप, वायर, वॉटरप्रूफिंगचा माल स्वतः आणा, मजुरी त्याची.

---

फेज_न्यूट्रल

वीज. पहिला प्रश्न: सहा मीटर आहेत की एक? एकच असेल आणि मालक युनिटमागे पैसे घेत असेल, तर दोन तोटे. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांचा आहे, १००, ३०० आणि ५०० युनिटला पायरी चढते. सहा घरांचा वापर एका मीटरवर म्हणजे सगळे वरच्या पायरीवर. दुसरं, वीज घेऊन पुन्हा विकण्याचा अधिकार मालकाला नाही. प्रत्येक रूमला स्वतंत्र मीटर आणि पंप-जिन्यासाठी सातवा. खरेदीआधी सगळ्या ग्राहक क्रमांकांची थकबाकी तपासा, नाहीतर नव्या जोडणीच्या वेळी ती तुमच्या गळ्यात येते.

एका रूमचं पुरेसं वायरिंग: मीटरपासून रूमपर्यंत ६ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर. रूममध्ये छोटा बोर्ड, त्यात ४० अँपिअरचा, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). पुढे तीन सर्किटं. दिवे-पंखे १.५ ची वायर, १० अँपिअरचा एमसीबी (भार जास्त झाला की पडणारा स्विच). स्वयंपाकघर आणि प्लग २.५ ची, १६ अँपिअर. गीझरला ४ ची, २० अँपिअर. इंडक्शन शेगडी एकटी २ किलोवॉटपर्यंत खाते, आणि कामगारांच्या रूममध्ये ती असतेच. जुन्या वायरिंगमध्ये ती दिव्याच्या पॉइंटवरून चालते, होल्डर काळा पडतो तो त्यामुळे.

सगळ्यात त्रासदायक दोष: सामाईक न्यूट्रल. जुना वायरमन दोन रूमला फेज वेगळा देतो आणि न्यूट्रल एकच फिरवतो. जुन्या फ्यूजवर हे चालून जातं. आरसीसीबी बसवला की तो गेलेला आणि परत आलेला करंट मोजतो. शेजारच्या न्यूट्रलमधून करंट परतला की फरक दिसतो आणि तो पडतो. मग कुणीतरी 'आरसीसीबी खराब आहे' म्हणून त्याला बायपास करतं, आणि बाथरूममध्ये शॉक बसायचा रस्ता मोकळा होतो. तपासणी सोपी: एका रूमचे सगळे एमसीबी बंद करा पण मेन चालू ठेवा, शेजारच्या रूममध्ये फक्त गीझर लावा. तिचा आरसीसीबी पडला किंवा बंद रूमच्या न्यूट्रलवर क्लॅम्प मीटरला करंट दिसला, की न्यूट्रल शोधून वेगळा करा.

मीटर पॅनल जिन्याखाली नको. तिथे दुचाकी लावतात, आता चार्जिंगही करतात. आग लागली तर वरच्यांना उतरायचा एकच रस्ता तोच.

---

आकडेमोड

पाण्याचं कुणीच बोललं नाही. माणशी दिवसाला १३५ लिटर, रूममध्ये तीन जण धरले तर १८ माणसं, २,४३० लिटर. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी आहे. म्हणजे दोन दिवसांचा साठा हवा: जमिनीखाली ५,००० ची टाकी आणि वर २,०००. एका रूममध्ये पाच बॅचलर ठेवले की हे गणित मोडतं आणि टँकर सुरू होतो. जास्त भाड्याच्या मोहात पडायच्या आधी टँकरचा भाव विचारा.

---

भाडेपावती

सध्याचे सहा भाडेकरू कोणत्या कागदावर आहेत? नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स असेल तर मुदत संपल्यावर रूम रिकामी मागता येते. कागद नसेल, किंवा कुणी वीस-बावीस वर्षं पावतीवर राहत असेल, तर भाडे नियंत्रण कायदा आडवा येतो आणि भाडंही वर्षाला ४% हून जास्त वाढवता येत नाही. खरेदीखत रिकाम्या ताब्यासह करा, किंवा निदान प्रत्येक रूमचा करार, डिपॉझिटची रक्कम आणि ती तुमच्याकडे वळती केल्याचा उल्लेख त्यात लिहून घ्या. सहा जणांची प्रत्येकी २० हजार डिपॉझिट विकणारा घेऊन गेला तर परत तुम्ही करणार.

पुढचे करार: महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, जबाबदारी मालकाची. नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, जोवर तुम्ही उलट सिद्ध करत नाही. शिवाय ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड. नोंदणीकृत करार असला की कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि मुदतीनंतर न निघणाऱ्याकडून दुप्पट दराने भरपाई मागता येते.

खर्च किरकोळ आहे. ८,५०० भाडं, ११ महिने, ३०,००० डिपॉझिट: भाड्याचे ९३,५०० आणि डिपॉझिटवर वर्षाला १०% दराने धरलेलं व्याज २,७५०. बेरीज ९६,२५०, तिच्या ०.२५% म्हणजे २४० रुपयांच्या आसपास मुद्रांक, आणि शहरात नोंदणी फी १,०००. एवढ्यासाठी नोटरीवर भागवणं शहाणपणाचं नाही. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती ऑनलाइन भरायचीच.

---

नवा_मालक

सगळ्यांचे आभार. विकणारा ५ लाख बयाणा देऊन लगेच साठेखत (खरेदीखताआधीचा विक्रीचा करार) करा म्हणतोय, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे म्हणे.

---

सहीशिक्का

दुसरं गिऱ्हाईक नेहमीच तयार असतं. साठेखतात ताबा देण्याचं वचन असलं की आपल्याकडे त्यावर खरेदीखताएवढंच मुद्रांक शुल्क लागतं, म्हणजे ६.३० लाख आत्ताच अडकतील. त्याऐवजी आधी साधी विसारपावती करा, रक्कम ५१,००० च्या आत, चेकने. तिच्यात हे वाक्य वकिलाकडून घालून घ्या: 'बँकेचा कायदेशीर किंवा तांत्रिक अहवाल प्रतिकूल आल्यास, अथवा ४५ दिवसांत किमान अमुक रकमेचं कर्ज मंजूर न झाल्यास, विसाराची पूर्ण रक्कम ७ दिवसांत परत केली जाईल.' बँकेचं मंजुरीपत्र कराराच्या मसुद्यावर मिळू शकतं, पैसे मात्र नोंदणीकृत कागदानंतरच सुटतात. कर्ज बदलत्या व्याजदराचं घ्या, त्यावर वैयक्तिक कर्जदाराला मुदतपूर्व फेडीचा दंड नसतो.

आणि मूल्यांकनाचा अहवाल आला की त्यातला आकडा घेऊन विकणाऱ्याकडे परत जा. ९० वरून बोलणी करायची नाहीत, त्या आकड्यावरून वर चढायचं.

---

गच्चीवरचा_कावळा

हातोडी घेऊन जा. ठोकायला लागलात की भाव आपोआप उतरतो.

---

नवा_मालक

शनिवारी इंजिनिअर येतोय. खड्डा घ्यायला विकणारा तयार नाही, फरशी खराब होईल म्हणतो.

---

ओळंबा

बाहेरच्या बाजूच्या कोपऱ्याच्या कॉलमला घ्या, फरशीचा प्रश्न नाही. तीन बाय तीन फूट, पाया लागेपर्यंत, दोन बिगारी आणि अर्धा दिवस. बुजवून देण्याचा खर्च तुमचा असं लिहून द्या. तरीही नाही म्हणाला तर बयाणा खिशातच राहू द्या.